मेरी क्युरीच्या मागे

मी एक जुना एक्झॉस्ट फॅन आहे, मित्रांनो. जन्माचं नंतर. आधी भोक.

अहमदपूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात, रसायनाच्या प्रयोगशाळेच्या भिंतीत ते गोल भोक आहे. तेच माझं घर. मुलांनी उकळलेलं, जाळलेलं सारं ओढायचं आणि बाहेर लिंबाच्या झाडावर सोडायचं, हे माझं काम. लिंबाची ती बाजू करपली. माझी आठवण एकट्या, रसायन शिकवणाऱ्या सिंधू मॅडमना असे. आत येताच बटण दाबून म्हणायच्या, "चला बाबा, लागा कामाला."

(जन्म कारखान्यात झाला. त्यात सांगण्यासारखं काही नाही.)

मग तपासणी समिती येणार म्हणून भिंत रंगवायचं ठरलं. रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ, ओळीने. कल्पना मॅडमचीच. औशाहून मुज्तबा पेंटर आला. त्याने दाढ्या आणि चष्मे मन लावून काढले. ऐसपैस काढले.

"मॅडम, जागा सरली. बाई राहिल्या."

"मेरी क्युरी राहिली? अरे, तिला दोनदा नोबेल मिळालंय!"

"मग एखादा दाढीवाला पुसू का?"

"नको." मॅडमची नजर माझ्यावर आली. "खांदे खाली भिंतीवर काढ, चेहरा इथं येऊ दे. पंख्यावर प्लायची फळी ठोक. समिती गेली की काढू."

समिती गेली. प्लाय राहिला. इतका सुंदर चेहरा कोण काढणार?

अंधार. नुसतं ऐकायचं. मॅडम मुलींना सांगत, "हिने शोधलेलं रेडियम अंधारात चमकायचं. ही ते खिशात घेऊन फिरायची. त्यानेच हिला आतून पोखरलं." मुली हळहळत.

आणि एक दिवस सडक्या अंड्यांसारखा वास मारणाऱ्या गॅसची नळी निसटली. खिडक्या नव्या रंगाने चिकटलेल्या.

"मॅडम, लई घाण वास यायलाय!" मागच्या टेबलावरची शिवांगी.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "गेला बघा वास."

मित्रांनो, हा गॅस वाढला की आधी नाक मारतो. वास जातो, गॅस जात नाही. मॅडमना हे ठाऊक होतं.

"बाहेर! सगळ्या बाहेर व्हा!"

स्टूल पडलं. शिवांगी पडली. कुणीतरी बटण दाबलं आणि मी फिरलो. जिवाच्या आकांताने फिरलो. प्लायच्या मागे. फरशीवरून कुणाला तरी ओढत नेल्याचा आवाज आला, दारापर्यंत. मग काहीच नाही.

शिवांगी वाचली. तिला ओढून नेणाऱ्या मॅडम लातूरच्या दवाखान्यातून बऱ्याच दिवसांनी परतल्या. त्यांचं नाक परतलं नाही.

"काढ तो प्लाय," त्यांनी मुज्तबाला सांगितलं.

"बाईंचा चेहरा जाईल, मॅडम. भिंतीवर नुसते खांदे राहतील."

"राहू दे. माझं तरी सगळं कुठं राहिलंय?"

आता भिंतीवर काळ्या झग्यातले खांदे आहेत आणि चेहऱ्याच्या जागी मी. घरघरतो, पण फिरतो.

प्रयोग सुरू झाला की मॅडम विचारतात, "वास येतोय का गं?"

"न्हाई, मॅडम," शिवांगी म्हणते.

मॅडम तिच्या तोंडाकडे बघत राहतात.

मित्रांनो, थोरांची चित्रं जरूर काढा. पण आधी भिंतीतलं भोक बघा. आणि कुणी असं विचारलं, तर घाईने "न्हाई" म्हणू नका. नीट श्वास घ्या. मग सांगा.