कुंपणापलीकडचा शब्द

शेजारच्या जेबेझच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली एनॉक उकिडवा बसला आणि दगडी कुंपणातला चांगला घट्ट बसलेला दगड उपटून पुन्हा बसवू लागला. काम असं काही नव्हतंच. आत विद्यापीठातून आलेले हॅलमसाहेब टेपरेकॉर्डर लावत होते, आणि इकडे एनॉकच्या पोटात दुखत होतं.

साहेब यॉर्कशरच्या खेड्यापाड्यांतून जुनी बोली गोळा करत हिंडत होते. सोमवारी ते आधी एनॉककडेच आले. चहा प्यायले, गप्पा मारल्या, त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि ओशाळून म्हणाले, "माफ करा आजोबा, दात नसले की उच्चार स्वच्छ उमटत नाहीत." मग उठून शेजारी गेले. जेबेझचे सत्तरीतही सगळे दात शाबूत!

"दात बघून घोडा घेतात, माणूस नव्हे," एनॉक कडाडला. त्या दिवसापासून त्याने जेबेझशी बोलणं टाकलं, संध्याकाळचा पत्त्यांचा डावही टाकला. जेबेझला बोली येते? कप्पाळ! त्याची आई शहरातली. अर्धे शब्द तर एनॉकनेच त्याला शिकवलेले. आणि आता मिरवणार कोण, तर हा!

"मुलं खेळतात, त्याला तुम्ही काय म्हणता?" आतून साहेबांनी विचारलं.

"लेइक."

चोर मेला! एनॉकने कान टवकारले.

"पोरंच लेइक करतात असं नाही हां, साहेब. गिरणी बंद पडली, हाताला काम नसलं, की मोठी माणसंही लेइकच करतात. म्हणजे नुसती बसून."

"फार जुनं क्रियापद आहे. हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून उत्तरेची माणसं आली, त्यांनी आणलं."

"असेल बुवा. मला ते ह्या कुंपणापलीकडून मिळालं," जेबेझ म्हणाला. "आईची सक्त ताकीद होती, घरात शुद्ध बोलायचं, गावच्या पोरांत मिसळायचं नाही. एक दिवस कुंपणावरून एक डोकं वर आलं. 'येतोस का लेइक करायला?' काय म्हणतोय ते कळलं नाही. पण उडी मारून गेलो."

साहेब हसले. "वा! रोजच्या बोलण्यातलं एखादं वाक्य सांगता?"



"एनॉक माझ्याशी लेइक करत नाही."

"छान. हे लहानपणचं, नाही का?"

"नाही. सोमवारपासूनचं."

एनॉकच्या हातातला दगड खाली पडला. मग तो खिडकीखालूनच ओरडला,

"मग हाक मारायला काय झालं होतं, गाढवा!"

आत खटका वाजला. "अरेरे, बाहेरचा आवाज शिरला," साहेब म्हणाले. "शब्दही धड कळत नाहीत. पुसून पुन्हा घेऊ या का?"

"पुसू नका, साहेब," जेबेझ म्हणाला. "मला कळले."