दातावरची रेघ

उत्खननात सापडलेला दात नखाएवढाच, पण भिंगाखाली धरला की रेघ दिसते – आडवी, या कडेपासून त्या कडेपर्यंत. नऊ वर्षांचं पोर, हजारेक वर्षांपूर्वी गेलेलं. रेघ मात्र मरणाची नव्हे, त्याच्या तिसऱ्या वर्षाची. तेव्हा ताप आला असेल, पोटाला मिळालं नसेल... दाताची वाढ तेवढ्यापुरती थबकली. तिने वहीत नोंद केली, खोडली, पुन्हा तीच केली. सकाळपासून हा चौथा दात, आणि चौथ्यांदा तिची जीभ नकळत स्वतःच्या दाताकडे गेली.

तशीच रेघ तिच्याही दातावर होती. गेल्या महिन्यात दातांच्या डॉक्टरने आरसा धरून दाखवली – आणि मेलेल्या पोरांचे दात वीस वर्षं तपासणाऱ्या या बाईला स्वतःच्या तोंडातलं दिसलं नव्हतं! हसावं की रडावं? तिने वैतागून भिंग बाजूला ठेवलं आणि आईला फोन लावला.

"आई, मी तीन वर्षांची असताना मला काय झालं होतं गं?"

"काही नाही. चांगली धडधाकट होतीस."

"दातावर खूण आहे माझ्या."

"मग दातालाच विचार की!" मग आईच पुढे म्हणाली, "त्या वर्षी तुझा दादा गेला. शुद्ध कुणाला होती घरात... आणि तू कधी काही मागितलंच नाहीस."

फोन बंद.

मागितलंच नाहीस! म्हणजे तीन वर्षांच्या पोरीने रडून घर डोक्यावर घ्यायला हवं होतं? दादा तेव्हा गेला हे तिला ठाऊक होतं, फोटो होता भिंतीवर. पण त्या दिवसांत आपणही त्या घरात होतो, उपाशी होतो, हे... संतापाने तिने वही मिटली. दात तिने घाईघाईने डबीत ठेवला.

आणि दरवर्षी विद्यार्थ्यांना ती जे घोकून घोकून सांगायची ते नेमकं आत्ताच आठवायचं होतं – जे पोर त्या दुखण्यातून उठतच नाही, त्याच्या दातावर रेघ नसते. वाढ पुन्हा सुरू झाली, तरच ती मागे राहते.

म्हणजे त्या घरात कुणीतरी उठलं होतं. चूल पेटवली होती, तिला मांडीवर घेऊन भरवलं होतं... दादाचं अंथरूण तेव्हा गुंडाळलं होतं की तसंच होतं?

राग गेला नव्हता; तो सोडायची तिची तयारीही नव्हती. फक्त तो कुणावर धरायचा, ते आता कळेना. जीभ पुन्हा त्या रेघेवर गेली आणि तिथेच राहिली.