चारी लाईटी

"तो स्क्रू ड्रायव्हर खाली ठेव! माझी गाडी हाय ती, खेळणं न्हाई!" आप्पा पायरीवरनं गरजले.

"मग बसा चाचपडत!" वासू मोटारसायकलचं तोंड उघडून बसला होता, त्यानं मानसुद्धा वर केली न्हाई. "परवा गवा आडवा आला तवा काय म्हणालासा? मला सावली वाटली! एवढी शिंगं असतात व्हय सावलीला?"

ते खोटं न्हवतं. बाजारकुणंगच्या रानातल्या रस्त्यावर त्यांच्या गाडीचा दिवा असा पेटायचा की काजव्यानं बघून कीव करावी. वासूनं रामनगरहून एलईडी बल्ब आणले होते. पुढचा एक, मागचा एक, इंडिकेटरचे चार. शाळा त्यानं नववीत सोडली, सरांनी सगळ्यांसमोर कान पिरगाळला म्हणून. तेव्हापास्नं त्याच्या डोक्यात एकच भुंगा होता, रामनगरच्या कृष्णा मेस्त्रीचं गॅरेज.

"बरं, ऐक," आप्पा खाली आले. "आज अक्काला डोळे दाखवायला रामनगरला नेतोय. गाडी नीट गेली नि नीट आली, तर मेस्त्रीला मी सोता सांगतो, पोराला ठेवून घे म्हणून. एक जरी लाईट बोंबलली, तर सोमवारी शाळा. हेडमास्तर परत नववीत घेतो म्हणालेत."

"माझ्या बाकावर जागा हाय, दादा," दारातनं मयूरी म्हणाली. ही त्याची धाकटी बहीण, आणि यंदा तीच नववीत होती. "फक्त खिडकीकडं मी बसणार."

वासूच्या कानातनं धूर निघायचा तेवढा बाकी राहिला.

त्यानं कामाला हात घातला. पुढचा दिवा एका झटक्यात बसला. मागचा पेटेना, तो उलटा फिरवून घातल्यावर पेटला. इंडिकेटर मात्र नुसते जळत राहिले, लुकलुकेनात. ते होणार हे त्याला व्हिडिओ बघून ठाऊक होतं. हे बल्ब करंट अगदी चिमणीएवढा खातात, त्यामुळं दिवे लुकलुकवणारा जुना फ्लॅशर जागाच होत न्हाई. एलईडीचा फ्लॅशर त्यानं आणलाच होता, तो बसवला.

"मये, डाव्या अंगाला हुबी रहा. डावा लुकलुकतोय काय?"

"लुकलुकतोय. पण दादा, तिकडचा पण..."

"विचारलं तेवढंच सांग! आता उजव्या अंगाला ये. उजवा?"

"तो पण लुकलुकतोय. पण मी म्हणत होते..."

"नववीत गेलीस म्हणून मला शिकवू नको! जा आत!"

मयूरी पाय आपटत आत गेली.

केशरआत्या तयार होऊन आली. आप्पांची ही थोरली बहीण. गाडीवर बसली की तिला गरगरायचं, म्हणून पांढरी शाल डोक्यावरनं ओढून घ्यायची, डोळे गच्च मिटायची आणि आप्पांच्या पाठीवर जी मान टाकायची ती उतरायची येळ होईस्तोवर उचलायची न्हाई. आणि आप्पांचा इंडिकेटर म्हणजे देवापुढचा नंदादीप, एकदा लावला की विझवायचा न्हाई. पहिल्या वळणाला त्यांनी डावा लावला आणि गाडी झाडीत दिसेनाशी झाली.

ऊन कलतीला लागलं तसा शेजारचा शंकरकाका खांद्यावर एक भलं मोठं लाकूड घेऊन अंगणात आला. त्यानं ते हळूच भिंतीला टेकवलं, डोक्यावरची टोपी काढली आणि नाक ओढलं.

"वासू, धीर धर बाळा."

"कशाला?"

तेवढ्यात आणखी पाचसहा जण आले. तेही लाकडं घेऊन, मागनं बायका. मयताच्या घरी घरटी एक लाकूड न्यायचं, ही तिथली रीत. वासूनं रस्त्याकडं बघितलं. आप्पा पडले? आपला बल्ब विझला काय वळणावर? त्यानं शंकरकाकाचा हात धरला.

"कोण गेलं?"

"आता काय सांगू," शंकरकाका म्हणाला. "केशरआत्या. तिठ्यावरच्या दुकानातनं फोन आला. सकाळी जाताना जित्ती होती म्हणं. येताना तुझा बा गुरुदास तिला पाठीशी टाकून आणतोय. डोक्यावरनं पांढरं पांघरलंय. आणि गाडीच्या चारी लाईटी लुकलुकतायत."

दवाखाना रामनगरला, म्हणून तिकडं चारी लाईटी लावून गाडी गेली तर आजारी माणूस, रामनगरकडनं आली तर मयत. हे त्या रस्त्यावर बारक्या पोरालाही कळतं.

वासू थांबला. चारी?

"मी तेच सांगत होते," मागनं मयूरी म्हणाली. "डावा लावलास तवा उजवाबी लुकलुकत होता. पण तुला विचारलं तेवढंच पायजे होतं."

तोवर गाडी आली. चारी लाईटी लावून, थाटात. अंगणातल्या बायकांनी गळा काढला. त्या आवाजानं केशरआत्यानं शाल बाजूला केली, लाकडांचा ढीग बघितला आणि घाबरून विचारलं, "आगं बाई! कोण गेलं गं?"

शंकरकाका म्हणाला, "तुम्हीच."

"मला कुणी सांगितलं न्हाई ते!"

आप्पांचं ध्यानच न्हवतं. ते गाडीवरनं उतरायच्या आधीच सुरू झाले, "वासू, मानलं तुला! काय वाट दिली लोकांनी! बसवाल्यानं बस झाडीत घातली. ट्रक थांबले. नाक्यावर पोलिसानं टोपी काढली! एलईडीला मान हाय रं! मी मेस्त्रीलाबी सांगून आलो, उद्या पोरगं येतंय."

मग शंकरकाकानं त्यांना सगळं समजावून सांगितलं. आप्पांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"सोमवारी शाळा!"

"थांबा!" वासू गाडीकडं धावला. डावा लावला, चारी लुकलुकले. उजवा लावला, चारी. त्याची नजर मीटरवरच्या बारक्या दिव्यावर गेली. डावा असो उजवा असो, हा एकच दिवा पेटायचा. म्हणजे याची एक वायर डावीकडं, एक उजवीकडं. जुन्या बल्बना एवढ्याश्या करंटनं काही होत न्हवतं, पण एलईडीला चिमणीएवढा करंट पुरतो. याच्यातनंच गळतोय तो पलीकडं! त्यानं तो दिवा उपटून खिशात टाकला. डावा लावला. फक्त डावा.

"बघा!"

"बघितलं," आप्पा म्हणाले. "जित्त्या माणसाची लाकडं आल्यावर बघितलं. शाळा!"

"गुरुदास," आत्या म्हणाली, "मेलेय मी, निकालबी मीच देणार. शाळेत एवढी लेकरं हायत, तिथं नको हे. मेस्त्रीकडं घाल. आणि लाकडं कुणी परत न्यायची न्हाईत, पावसाळ्याला होतील."

आप्पांना अक्कापुढं बोलायची सवय न्हवती. त्यांनी गाडीची चावी काढून वासूकडं फेकली आणि लाकडं रचायला घेतली.

तेवढ्यात शंकरकाकानं कपाळाला हात लावला. "आरं, दिग्गी गावाला निरोप घेऊन माणूस गेलाय! भजनी मंडळ टाळ घेऊन निघालं असंल. तिकडं फोनबी लागत न्हाई."

"आत्ये, बस मागं!" वासूनं किक मारली. "तुला बघितल्याबिगर ते मानायचे न्हाईत. आणि शाल काढ आधी डोक्यावरची!"

"आरं, चहा तरी घोटभर..."

"मेलेल्या माणसाला कसला चहा! बस लवकर, मला निघायला पायजे आता."