मी जपानची नाही

मित्रांनो, मी एक जुनी सळई आहे. वीतभर लांब, पेन्सिलीहून बारीक आणि मधोमध वाकलेली. सध्या माझा मुक्काम एका इलेक्ट्रिक गिटारवर असतो. लोक मला ट्रेमोलोची दांडी म्हणतात. मला खाली दाबलं की गिटारच्या तारा सैल पडतात आणि सूर लवतो. सोडलं की तो पुन्हा जागेवर येतो. ऐकणारे वाहवा करतात. पण मी आज वाहवा सांगायला बसलेली नाही. माझ्या हातून एक वाईट गोष्ट घडली आहे आणि ती बोलून टाकल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म नेकनूरच्या बाजारात एका लोहाराच्या भात्यापुढे झाला. माझ्या वरच्या टोकाला त्याने धागा अडकवायला खाच पाडली, खालच्या बाजूला लाकडी चकती बसवली आणि मी लोकर कातायची टकळी झाले. सत्यभामाबाईंनी पाच-सहा टकळ्या फिरवून पाहिल्या आणि त्यातून मला उचललं. मेंढरांमागे चालता चालता त्या मला फिरवायच्या. किती घोंगड्यांचं सूत माझ्यावरून गेलं, याची गणतीच नाही. चकती बसायची तिथे माझ्या अंगावर एक काळा वळ पडला, तो अजून आहे.

शेजारच्या केसरबाई म्हणायच्या, "सत्यभामे, तुजी टकळी भवऱ्यावानी फिरती बग!" कौतुक कोणाला आवडत नाही? मला जरा जास्तच आवडायचं. माझी खोड तेव्हापासूनची.

सत्यभामाबाईंची लेक धनश्री अंबाजोगाईला कॉलेजात शिकते. बजरंगमामाने तिला आपल्या बँडपार्टीतली जुनी गिटार दिली, पण तिची दांडी केव्हाच मोडून गेली होती. धनश्रीने नवी मागवली. तिचे आटे जाड, गिटारच्या भोकात शिरेचनात. दुसरी शिरली, पण ढिली. प्लंबरची पांढरी टेप गुंडाळली तरी ती वाजवताना लोंबायची आणि खुळखुळायची. तिसरी एवढी लांब की हात तिच्यापर्यंत पोचेस्तोवर गाणं पुढे निघून जायचं. कॉलेजचं गॅदरिंग आठ दिवसांवर आलं आणि सुट्टीला घरी आलेली धनश्री अंगणात रडवेलं तोंड करून बसली.

"कावून रडती गं?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"दांडीच बसंना, आई. समद्यांच्या गिटारी लई भारी हायेत. मलाच हसतील."

माझ्यावरचं अर्धं कातलेलं सूत सत्यभामाबाईंनी उतरवलं, चकती ओढून काढली आणि मला लेकीच्या हातात दिलं. "ही बग बसती का. लई इमानी हाय."

दोघी मला गावातल्या गहिनीनाथकाकांच्या लेथवर घेऊन गेल्या. काकांनी माझ्या खालच्या टोकाला भोकाच्या मापाचे आटे पाडले. मी खुळखुळू नये म्हणून भोकाच्या तळाशी बॉलपेनातली स्प्रिंग टाकली. मग मला तापवायला घेतलं आणि ते थांबले. "वहिनी, एकदा वाकवली की ही परत सरळ फिरायची न्हाई बरं का. टकळी गेली म्हणून समजा."

"जाऊ द्या. पोरीचं काम होऊ द्या," सत्यभामाबाई म्हणाल्या.

काकांनी मला धनश्रीच्या बोटांच्या मापाने वाकवलं. सगळं जमलं, फक्त माझी खाच धनश्रीला आवडेना. विकतच्या दांडीची पांढरी प्लास्टिकची टोपी काढून तिने माझ्या टोकावर बसवली. खाच झाकली गेली. मला वाटलं, आता आपण कोणीतरी झालो.

गॅदरिंगला सत्यभामाबाई आणि केसरबाई एसटीने आल्या. धनश्रीने मला दाबलं तेव्हा सूर असा अलगद लवला की दंगा करणारी पोरंसुद्धा गप्प झाली. टाळ्या थांबेनात. मंचाखाली उतरल्यावर मुलांनी तिला घेरलं. त्यांच्यात सोमेश्वर होता, तो स्वतःही गिटार वाजवतो. त्याने मला बोटाने हलवून पाहिलं. "काय भारी हाय गं! कुठली दांडी ही?"

धनश्रीच्या मागे, हातभर अंतरावर, तिची आई भाकरीची पिशवी धरून उभी होती.

"जपानची," धनश्री म्हणाली. "मागवून घेतली."

मित्रांनो, खरं सांगते, मी हरखून गेले. जपान! मी मुकी वस्तू, मला बोलता येत नाही हे कबूल, पण खडखडता तर येतं. त्या वेळी मी साधी खडखडलेही नाही. चकाकत राहिले.

तेवढ्यात केसरबाई वाकल्या. "अगं बया! सत्यभामे, ही तर तुज्या टकळीची सळई! हा काळा वळ मी वळकत न्हाई व्हय?"

सत्यभामाबाईंनी लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "न्हाई वं केसर. माजी तर बाजारात हारवली. ही फारीनची हाय."

या बाईला मी कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. लेकीची लाज झाकायला ती आज बोलली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी मान आधीच वाकलेली, आणखी कुठे खाली घालणार?

धनश्री पुढच्या सुट्टीत गिटार घेऊन घरी आली तेव्हा सत्यभामाबाई सायकलीच्या तारेवर चकती बसवून कातत होत्या. तार लवायची, चकती डगमगायची, धागा घडोघडी तुटायचा. त्या निमूट जोडायच्या. धनश्रीने ते पाहिलं आणि मान फिरवली. पण खोट्याला बूड नसतं. सोमेश्वर रोज फोनवर विचारायचा, "कुठून मागवली ते सांग ना, मलाही घ्यायची हाय." शेवटी एक दिवस तो माप घ्यायला म्हणून घरीच आला.

सत्यभामाबाईंनी त्याला पाणी दिलं आणि त्याने विचारायच्या आतच म्हणाल्या, "ती फारीनची हाय, बाबा. इकडं न्हाई मिळायची."

धनश्रीचा चेहरा उतरला. तिने गिटार मांडीवर घेतली आणि माझी टोपी उपटून फेकून दिली. "खोटं हाय," ती म्हणाली. "ही माज्या आईची टकळी हाय, सोमेश्वर. मी मोडली. आन् तुज्यापुढं आईला वळख दिली न्हाई."

सत्यभामाबाईंनी पुढे येऊन माझ्या खाचेवर अंगठा फिरवला. "टोपी काढलीस व्हय? थांब, मेण लावून देते. खाच धारंची हाय, बोट कापंल तुजं."

एवढंच बोलल्या. धनश्री रडायला लागली.

पुढे गहिनीनाथकाकांनी नवी टकळी करून दिली. केसरबाईंनाही खरं सांगून झालं. मी मात्र आता सरळ होणार नाही, आणि ती चकाकी आठवली की आजही मला लाज वाटते. म्हणून एक विनंती करते. वस्तू पुसा, तेल द्या, नीट ठेवा, हे तर आहेच. पण कोणी विचारलं, "ही कुठली?", तर ज्याने दिली त्याचं नाव घ्या. मित्रांनो, ते माणूस कदाचित तुमच्या मागेच उभं असेल, हातात तुमच्यासाठी आणलेली भाकरी घेऊन.