उतरत्या भावाची वाट

मी एक जुना कॉम्प्युटर आहे. शेंदूरजनाघाटच्या बाजार ओळीत रागिणीचे ऑनलाइन केंद्र आहे, तिथे दारासमोरच्या टेबलावर मी बसतो. माझ्या डब्याचे एक झाकण कधीच हरवले. त्या जागी वहीचा पुठ्ठा आहे. कळांवरची निम्मी अक्षरे पुसली गेली आहेत, तरी रागिणीची बोटे चुकत नाहीत. माझे वय पंधरा. तुमच्यात हे कोवळे वय समजतात. आमच्यात मात्र पिकले पान.

मित्रांनो, माझा जन्म अकोल्याचा. एका लहानशा दुकानात एका कारागिराने सतरा ठिकाणचे तुकडे गोळा करून मला एका दुपारी जोडले. तो माझ्याशी फारसा बोलला नाही. शेवटचा स्क्रू पिळून त्याने कळ दाबली, मी उजळलो आणि तो चहाला निघून गेला. जन्माचा सोहळा एवढाच.

बडनेऱ्याच्या उत्तमरावांनी मला विकत घेतले. रेल्वे स्टेशनासमोर त्यांचे तिकिटांचे दुकान होते. सुट्टी संपवून निघालेले जवान, पुण्याला शिकायला जाणारी मुले, लग्नाची वऱ्हाडे, सगळ्यांची तिकिटे माझ्यातून निघाली. पुढे विमानाचीही निघू लागली. उत्तमराव गिऱ्हाइकांपुढे माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणायचे, "हे माही दुभती गाय हाय." दसऱ्याला मला हळदकुंकू लागायचे, झेंडूची माळ पडायची. एका वर्षी अक्षता पंख्यात गेल्या आणि मी आठ दिवस खडखडत होतो. मानपानाचाही त्रास असतो, हे मला तेव्हा कळले.

मग प्रत्येकाच्या खिशात स्मार्टफोन आला. गिऱ्हाईक आटले. दुभत्या गायीवर जुनी चादर पडली आणि दोन वर्षे कुणी ती उचलली नाही. पालीने माझ्यात संसार थाटला. वाईट वाटले का? हो, वाटले. पण वाईट वाटून आमचा दिवा काही पेटत नाही. शेवटी उत्तमरावांची भाची रागिणी आली, तिने मला झटकले, पुसले आणि एसटीत मांडीवर घेऊन शेंदूरजनाघाटला आणले. इथे सातबारे, परीक्षेचे अर्ज, पीकविमा असे चिल्लर काम असते. अधूनमधून एखादे तिकीटही असते. त्यातल्याच एका तिकिटाची ही गोष्ट.

गेल्या नोव्हेंबरच्या पाच तारखेला पुंजाराम आणि मैनाबाई केंद्रात आले. गावच्या कडेला त्यांची दोन एकर विहिरीची जमीन आहे. मेथी, कोथिंबीर, वांगी, कोबी पिकवायची आणि बाजारात स्वतः बसून विकायची, हा त्यांचा तीस वर्षांचा रिवाज. त्यांची एकुलती लेक आरती बेंगळुरूला असते. तिला आठवा महिना सरत होता. पहिले बाळंतपण माहेरी करायचे ठरलेले होते. पण तिचा रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केला. सासू हयात नाही. नवरा शेखर कामावर. दहा डिसेंबरच्या आसपास बाळ येणार होते, आणि तोवर आईवडिलांनी तिथे पोहोचायला हवे होते.

"पोरीले माहेरी येता येत नसंन," मैनाबाई म्हणाली, "तं माहेरानंच उठून जा लागते."

रेल्वेत प्रतीक्षायादी दोनशेच्या वर गेली होती. राहिले विमान. शेखर म्हणत होता, मीच इकडून तिकिटे काढतो. पण लेकीच्या घरचा पैसा घेऊन लेकीच्या दारी जायचे नाही, ही पुंजारामांच्या घरची रीत. म्हणून ते स्वतः आले होते, बंडीच्या आतल्या खिशात दहा-बारा हजार घेऊन.

आता मी काम कसे करतो ते सांगतो. रागिणीने नागपूर ते बेंगळुरू असे लिहिले, एक डिसेंबर तारीख टाकली, दोन माणसे म्हणून सांगितले. मी जगभर विचारपूस करून आलो. कोणते विमान किती वाजता, सरळ जाते की हैदराबादला थांबते, सामान किती नेता येईल, सगळे पडद्यावर मांडले. मग तिने महिन्याचा तक्ता उघडला. त्यात प्रत्येक तारखेखाली त्या दिवसाचा भाव असतो. स्वस्त दिवस हिरवे, महाग दिवस लाल. एक डिसेंबर हिरवा होता. माणशी चार हजार आठशे पन्नास.

"काकाजी, चांगला भाव हाय," रागिणी म्हणाली. "काढून टाकू?"

पुंजारामांनी नाही म्हणून मान हलवली. "पोरी, तीस वर्सं झाले मी भाजी विकून राहिलो. सकाळी मेथीची जुडी वीस रुपयाले. दुपारी पंधराले. सांज झाली की वीसले तीन. काहून? घरी वापस नेली तं सडते. इमानातली खाली खुर्ची बी तशीच. इमान उडालं की ते खुर्ची सडली. मंग शेवटच्या दिशी सस्त्यात देतीन का नाई?"

"काकाजी, इमानाचं उलटं असते. दिवस जवळ आले की भाव चढते."

"बाजार कोठचाई असो, बाजारच असते. थांब तू."

खरे सांगतो मित्रांनो, मला त्यांचे म्हणणे खोडता आले नसते. खुर्ची सडते, हे अगदी बरोबर होते. फक्त एक गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. मेथीवाल्याला गिऱ्हाइकाची नड दिसत नाही, विमानवाल्याला दिसते. शेवटच्या दिवशी तिकीट मागणारा माणूस हौसेने आलेला नसतो, हे त्याला पक्के माहीत असते.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले आणि दुर्दैव असे की भाव खरोखरच उतरला होता. चार हजार सहाशे दहा. पुंजारामांची छाती फुगली. "पाह्य! म्हटलं होतं का नाई?" त्या दोनशे चाळीस रुपयांनी त्यांचे जेवढे नुकसान केले तेवढे पुढच्या कोणत्याच चढाने केले नाही.

मग रोजचे सुरू झाले. बाजार आटोपला की टोपली दाराशी ठेवून ते विचारायचे, "आज काय भाव?" पाच हजार नऊशे. सहा हजार सातशे. सात हजार दोनशे. भाव चढला की सारा राग माझ्यावर. "हा डबा पाहून पाहून भाव वाढवून राहिला," असे ते म्हणत. रागिणीलाही कुणीतरी सांगितले होते की एकच विमान पुन्हा पुन्हा शोधले की समोरच्याला आपली गरज कळते. म्हणून ती शोध घेण्याआधी माझी आठवण पुसायची आणि काळ्या रंगाची गुप्त खिडकी उघडायची. मी तसाच कोरा होऊन परत जायचो आणि तोच भाव घेऊन यायचो. भाव माझ्या पोटात नसतो हो. तो दूर कुठेतरी ठरतो. मी नुसता निरोप्या.

मैनाबाई या सगळ्यात गप्प असायची. तिला वाचता येत नाही. पण आकडे वाचता येतात. ती माझ्या पडद्याकडे बघायची, मग नवऱ्याकडे, मग बाहेर. तिने डिंकाचे लाडू वळून ठेवले होते, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली होती. एकदा नवरा बाहेर कुणाशी बोलत असताना तिने रागिणीला हळूच विचारले, "बाळ आलं आन् मी नसली, तं पोरीजवळ कोण राहीन वं?"

बावीस नोव्हेंबरला भाव एकदम खाली आला. सहा हजार चारशे. पुंजाराम म्हणणारच होते, थांब, अजून उतरेल. तेवढ्यात मैनाबाई बोलली. एकच वाक्य. "आहो, पोरगी काई मेथीची जुडी नोहे."

पुंजारामांनी बंडीच्या खिशात हात घातला. "काढ," ते म्हणाले. "थोडे पैसे कमी पडतीन, ते सांजलोक आणून देतो."

आणि इथे मला माझी चूक कबूल करायची आहे. रागिणीने दोघांची नावे भरली, वय भरले, आधारवर जसे आहे तसेच अक्षर न् अक्षर भरले. शेवटची कळ दाबली. माझ्या पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागले. मी जीव तोडून ओढत होतो. पंख्यात धूळ साचली होती, पोट तापले होते, स्मरणशक्ती पुरत नव्हती. चक्र फिरतच राहिले. चार मिनिटांनी पाटी आली : वेळ संपली, भाव बदलला आहे. सात हजार नऊशे.

पुंजाराम ताडकन उठले. "हे ठगबाजी हाय! आत्ता सहा म्हणते न् आत्ता आठ म्हणते. असा भाव मी गिऱ्हाइकाले सांगतला तं मारतीन मले." टोपली उचलून ते चालते झाले. मैनाबाई त्यांच्या मागे गेली. रागिणीने माझ्या डब्यावर एक चापट मारली. मला ती योग्यच वाटली.

आठवडाभर ते आले नाहीत. मग तीस नोव्हेंबरला दुपारी दोघेही धावत आले. शेखरचा फोन आला होता. आरतीचा रक्तदाब फारच चढला होता. डॉक्टर दहा तारखेपर्यंत थांबणार नव्हते. दोन डिसेंबरला सकाळी ऑपरेशन करणार होते.

रागिणीने शोध घेतला. उद्याच्या दोन विमानांत जागा होती. माणशी तेरा हजार सातशे.

पुंजारामांनी पैसे टेबलावर काढले. होते नव्हते ते सगळे, सोळा हजार. चार हजार सहाशेला दोघे गेले असते आणि हातात पैसे उरले असते. हा हिशोब करायला कॉम्प्युटर लागत नाही.

"एकच काढ," पुंजाराम म्हणाले. "आरतीच्या मायचं."

"मले एकटीले काय समजते तेथी?" मैनाबाई घाबरली. "मी नागपूरच्या पुढं गेली नाई कधी. तुमी चाला सोबत."

"पोरीजवळ मायच पायजे. मी येऊन काय करू?" असे म्हणून ते दाराकडे तोंड करून उभे राहिले. बाजारात एवढा ओरडून बोलणारा माणूस. त्याचे खांदे पहिल्यांदाच मला लहान दिसले.

या वेळी मी अडखळलो नाही. रागिणीने सकाळीच माझा पंखा साफ केला होता, की मला लाज वाटली, ते सांगता येणार नाही. तिकीट निघाले. रागिणीने एका कागदावर मोठ्या आकड्यांत विमानाचा क्रमांक, खुर्चीचा क्रमांक, शेखरचा फोन असे लिहून दिले. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने पुंजाराम मैनाबाईला नागपूरला सोडून आले. परतल्यावर रागिणीला म्हणाले, "मले आत जाऊ देलं नाई. काचेतून पाह्यलं. इमानवाल्याइच्या एका पोरीनं हात धरून नेलं तिले."

दोन तारखेला मुलगी झाली. मैनाबाई बाहेरच्या बाकावर होती. आरतीला शुद्ध आली तेव्हा तिच्या कपाळावर आईचा हात होता, असे शेखरने फोनवर सांगितले.

परीक्षेच्या अर्जांचे फोटो काढायला माझ्या डोक्यावर एक कॅमेरा बसवलेला आहे. त्याच संध्याकाळी रागिणीने त्यावरून बेंगळुरूला कॉल लावला. पडद्यावर मैनाबाई आली, तिच्या कुशीत लाल चेहऱ्याचे गाठोडे. पुंजाराम हात मागे बांधून तीन फुटांवर उभे राहिले. जवळ येईनात.

"बाबा, दिसून राहिली का?" आरतीचा आवाज आला, थकलेला. "तुमी काहून नाई आले?"

"भाजी होती ना बापा वावरात," पुंजाराम म्हणाले. एवढेच.

चार दिवसांनी, सहा डिसेंबरला, ऐन बाजाराच्या वेळी ते केंद्रात आले. हातात टोपली नव्हती. उभा कोबी त्यांनी सकाळीच एका व्यापाऱ्याला एकगठ्ठा देऊन टाकला होता, त्याने म्हटले त्या पैशात. ही बातमी त्यांच्या आधीच केंद्रात पोहोचली होती, कारण पुंजारामांनी घासाघीस केली नाही ही गावात बातमीच होती.

"बेंगळुरूचं काढ. एक. बारा तारखेचं."

रागिणीने महिन्याचा तक्ता उघडला. त्यांना खूश करायला ती उत्साहाने म्हणाली, "काकाजी, बरं झालं थांबले. बारा तारीख लाल हाय, नऊ हजार दोनशे. पण पंधराच्या पुढचे तीन-चार दिवस पाहा, सगळं हिरवं. साडेचार हजार. तुमी म्हणत होते तसाच उतरला."

"बारसं तेराले हाय," पुंजाराम म्हणाले.

"हो, पण अर्ध्याहून कमी..."

"पोरी, मी तुले भाव इचारला का?"

रागिणीने बारा तारखेवर बोट ठेवले. मी ते तिकीट एका दमात काढले.

मित्रांनो, माझी विनंती फार मोठी नाही. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी म्हातारा असेल तर त्याचा पंखा अधूनमधून साफ करा. चार मिनिटांत कुणाचे काय हुकेल ते सांगता येत नाही. आणि स्वस्त तिकीट जरूर शोधा. महिनाभर आधी शोधा, मागच्या-पुढच्या तारखा पाहा, थांबत जाणारे विमान पाहा. मी त्यासाठीच आहे. फक्त किती दिवस वाट पाहायची, हे मला विचारू नका. कोणत्या तारखेला काय भाव, एवढेच मला दिसते. त्या तारखेला दाराकडे डोळे लावून कोण बसले आहे, ते तुम्हालाच पाहावे लागेल.