मान पोरीच्या हातात

क्रांतीनं चुलत्याचं, हंबीररावांचं डोकं दोन्ही हातांत घेतलं आणि मनातल्या मनात फायदा जोखला. मान सुटली तर परवा स्वतःच्या पोराच्या, सम्राटच्या लग्नात हंबीरराव फेटा बांधून ताठ मिरवणार. तिच्या वाट्याला काय? फार तर एवढंच, की तिची तीन स्थळं मोडणारा माणूस तिच्याच टेबलावर आडवा बघायला मिळाला.

स्थळं मोडली ती मोबाईलवरूनच. नको म्हटलं असताना पोरगी फिजिओथेरपी शिकली, वर दवाखाना थाटला, याचा राग. चौकशीचा फोन थोरल्या चुलत्याला यायचा. हंबीरराव बुलेट न थांबवता तो कान आणि खांद्यात दाबून धरायचे आणि कसबा बावड्यापासून शहरापर्यंत पुतणीची अब्रू काढायचे. "बाप्यांच्या माना चोळती. आता तुमचं तुम्ही बघा." वर्षभरात मान डाव्या खांद्याला चिकटली. मालिशवाल्यानं ती आणखी आवळून ठेवली. शेवटी भर दुपारी, दवाखाना रिकामा बघून, ते मागच्या दारानं आले होते.

"डोकं सैल सोडा, आप्पा."

"सोडलंय की!"

"न्हाय सोडलेलं. सगळं वजन तुमच्याकडंच हाय."

"तुझ्यावर सोडू? आणि दावा साधलास म्हंजे?"

"साधायचा असता तर परत मालिशवाल्याकडं धाडलं असतं."

तेवढ्यात त्यांच्या छातीवरचा मोबाईल वाजला. हंबीररावांनी तो कानाला लावला. आवाज मोठा ठेवायची सवय. पलीकडचा शब्दन् शब्द क्रांतीला ऐकू येत होता. राधानगरीचे सयाजीराव. चौथं स्थळ.

"पावणं, पोरीबद्दल काय ते एकदा सांगून टाका. तुमच्या शब्दावर हाय सगळं."

हंबीररावांनी खाकरून घसा साफ केला. क्रांतीची बोटं कवटीच्या बुडाशी होती तिथंच राहिली. ना दाब वाढला, ना कमी झाला.

"बोलताना हलू नका," ती एवढंच म्हणाली.

हंबीररावांनी मोबाईल कानाशी घट्ट धरला.

"आत्ता न्हाय बोलता येत पावणं. मान पोरीच्या हातात हाय."

पलीकडनं सयाजीरावांचा गहिवरलेला आवाज आला.

"घराण्याचा मान पोरीच्या हातात! अहो, एवढं तर सख्खा बापबी बोलत न्हाय. झालं तर मग, आयतवारी सुपारी फोडाय येतो."

फोन बंद झाला. हंबीरराव ताडकन उठून बसले.

"लावा की परत," क्रांती म्हणाली. "सांगा, मान म्हंजे खांद्यावरची. पुतणीकडं चोळून घ्यायला आलोय म्हणावं."

हंबीररावांनी वळून तिच्याकडं डोळे वटारले. मान पार उजव्या खांद्यापर्यंत वळली होती. त्यांच्या ते ध्यानात आलं नाही, तिच्या आलं. मोबाईल हातात तसाच धरून ते बसून राहिले. त्याचा उजेड विझला, तसा त्यांनी तो खिशात टाकला.

"मागचं दार उघड," ते म्हणाले.

सयाजीरावांचा नंबर आईच्या वहीत होता. क्रांतीनंही वही उघडली नाही.

परवा फेट्याखाली मान ताठ राहिली. आयतवारी सुपारी फुटली. किंमत मोजली ती एकट्या सयाजीरावांनी. न बोललेल्या शब्दावर त्यांनी सून केली, आणि पेढेही तेच घेऊन आले होते.