आगाऊ खुणा

"बाबा, मोटर तुम्ही खरंच उघडता, की तक्त्यावर नुसत्याच बरोबरच्या खुणा करता?"

हे विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती. सकाळी शाळेची बोट ऐन नदीच्या मध्यावर बंद पडली, अठरा पोरं वल्ह्यांच्या भरवशावर कशीबशी काठाला लागली. बोट चालवते आई, मोटर सांभाळतात बाबा. म्हणजे नाक कापलं गेलं ते त्यांच्या लेकीचं, भोंगाचं. खणखणीत आवाजावरून पडलेलं हे नाव ती हल्ली मिरवायची.

बाबांनी मान वर न करता ऐकवलं की चोवीस वर्षं झाली, नुसत्या आवाजावरून मोटरीचं दुखणं कळतं. आईने री ओढली, उगाच राईचा पर्वत करू नकोस म्हणून.

भोंगाने भिंतीवरचा तपासणीचा तक्ता ओढून काढला. या महिन्याच्या सगळ्या रकान्यांत खुणा होत्या. पुढच्या महिन्याच्याही. त्याच्या पुढच्याही! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पुढच्या महिन्यात प्लग साफ निघणार, हे आजच कळलं? मग माझा निकालही सांगून टाका."

आई फिसकन हसली आणि बाबांकडे बघून लगेच गप्प झाली. एवढं कळतंय तर तूच उघड, असं बाबा तडकून म्हणाले. म्हणायला म्हणाले, पण भोंगा पान्हा घेऊन मोटर ठेवलेल्या शेडमध्ये पोचलीसुद्धा. लहानपणापासून बघून बघून तिला सगळं पाठ होतं.

प्लग काजळीने माखलेला. सकाळचं दुखणं हेच. पण खरा घात खाली होता. मोटरीखाली जुनी परात सरकवून तिने तेलाच्या कप्प्याचा तळाचा स्क्रू काढला, मग वरचा. मधासारखं तेल यायला हवं होतं. आलं ते दूध ओतलेल्या चहासारखं. पाणी अडवणारं सील गेलं होतं, तेलात पाणी शिरलं होतं. दातेचाकं कधी दगा देतील, नेम नव्हता.

आईसोबत मागोमाग आलेल्या बाबांनी तेलात बोट बुडवलं, चिमटीत चोळलं. मग हळूच म्हणाले, "उद्याचा दिवस निघेल. परवा सील बदलतो."

एवढ्यावर कदाचित ती विरघळली असती. 'निघेल' या शब्दाने घात केला.

"उद्या बोट सुटणार नाही," ती आईबाबांना म्हणाली. आवाज मुळीच चढला नव्हता, म्हणून दोघंही दचकले. "मी आत्ता घरोघरी सांगून येते, सगळ्यांनी लांबच्या पुलावरून चालत चला. आणि यापुढे तक्त्यावर खूण मी करणार. मोटर उघडून, तुम्हा दोघांच्या देखत."